आईचं तिकीट, नातवाचा मोबाइल

अकोल्यात गांधी रोडला माझ्या मामेभावाचं तिकिटांचं लहानसं ऑफिस आहे. रेल्वे, ट्रॅव्हल्स आणि विमान, तिन्ही तिकिटं तो काढून देतो. विमान कंपन्यांबद्दल त्याचं मत ठाम आहे. त्यांचे नियम कडक असतात पण लपवलेले नसतात, स्वस्तातलं तिकीट घेणारा तो कडकपणा कबूल करूनच घेतो, आणि मागाहून आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. माझं मत याच्या उलट आहे. मी अमरावतीची, आयुष्यभर शाळेत शिकवलेलं. नियम पाळायची आणि पाळायला लावायची मला सवय आहे. तरीही आईच्या तिकिटाच्या वेळी जे झालं ते मला न्यायाचं वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही.

झालं ते थोडक्यात सांगते. आई अकोल्यात जठारपेठेत राहते. माझ्या बहिणीच्या मुलीचं बाळंतपण बंगळुरूला व्हायचं होतं आणि आई मदतीला जाणार होती. तिकीट काढलं तिच्या नातवानं, तो परदेशात शिकतो, एका पोर्टलवरून, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या कार्डानं. विमान नागपूरहून होतं. अमरावतीचा बेलोऱ्याचा विमानतळ 16 एप्रिल 2025 ला सुरू झाला खरा, पण तिथून अलायन्स एअरचं छोटं एटीआर विमान मुंबईला जातं; अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी वाढवण्याची मागणी तर जुनीच आहे. त्यामुळे बंगळुरू म्हटलं की आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना नागपूर गाठावं लागतं, अकोल्याहून अडीचशे किलोमीटर.

निघायच्या काही दिवस आधी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. मूर्तिजापूरची मावशी म्हणाली, मी जाते तिच्या जागी. आम्हाला वाटलं, बहिणीच्या जागी बहीण, यात अडचण काय? मी विमान कंपनीला फोन केला. ते म्हणाले, बुकिंग पोर्टलचं आहे, पोर्टलशी बोला. पोर्टल म्हणालं, बदल कंपनीच्या हातात आहे. पुन्हा कंपनीकडे, तर नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी गेलाय तो सांगा. तो मोबाइल परदेशात, तिथे मध्यरात्र. मग म्हणाले, प्रवाशाशी बोलू द्या. दवाखान्यात पलंगावर पडलेल्या आईच्या कानाशी फोन धरला. हिंदीतून तिला जन्मतारीख विचारत होते. तिला कमी ऐकू येतं. "मले काही समजत नाई, बाप्पा," एवढंच ती म्हणाली. शेवटी उत्तर मिळालं ते असं : नाव बदलता येणार नाही, रद्द केलं तर कापून फार थोडं उरेल. मावशीसाठी त्याच विमानाचं नवं तिकीट आम्ही त्या दिवसाच्या भावानं काढलं आणि ती गेली.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरच्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो असताना हा मामेभाऊ आणि मी यावर बोलत राहिलो. तो वाद इथे मांडते आहे, कारण त्याच्या बाजूतही मला उत्तर द्यावंच लागेल असं बरंच होतं.

त्यानं पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "ताई, तुले राग पैशाचा आला का वागनुकीचा?"

"वाईट कोणीच बोललं नाही रे. सगळी मुलं मॅडम मॅडम करत होती. राग याचा आला की ज्यांच्याशी बोलले त्यांच्यातल्या एकालाही काही ठरवायचा अधिकार नव्हता. मोडलेलं हाड, सत्तरीपुढची बाई, दवाखान्याचा कागद, हे सगळं सांगून झालं तरी पुढचं वाक्य तेच."

"अधिकार नसतोच. त्या पोरायच्या समोर स्क्रीन असते. स्क्रीनवर बटन हाय तेवढंच त्यायले करता येते. बटन नाई तं त्यानं मनात आनलं तरी होत नाई. तू त्याच्यावर काऊन चिडतं?"

"त्याच्यावर नाही चिडले. ज्यानं बटण ठेवलं नाही त्याच्यावर चिडले, आणि तो माणूस मला कुठेच भेटत नाही, हीच तर तक्रार आहे. अकोल्याच्या स्टेशनवर आरक्षणाची खिडकी आहे. खिडकीमागे सुपरवायझर बसतो. तो नाही म्हणाला तरी त्याच्याकडे पाहून मी विचारू शकते की का नाही. विमान कंपनीची खिडकी कुठे आहे? नागपूरच्या विमानतळावर."

"तिथं मात्र ऐकतात हं," तो म्हणाला. "काउंटरवरच्या मानसासमोर उभं राह्यलं तं पुष्कळदा मार्ग निघते. मी गिऱ्हाइकाले सांगतो, फोनवर भांडू नका, जमलं तं समोर जा."

मला हा सल्ला पटतो, पण तो अकोल्याच्या माणसाला परवडत नाही. तिकीट बदलता येईल की नाही एवढं विचारायला कोणी अडीचशे किलोमीटर जायचं?

मग तो त्याच्या खऱ्या मुद्द्यावर आला. तो मुद्दा तिकिटांच्या भावाचा होता, आणि तो मला त्यानं चांगला समजावून सांगितला. नागपूरहून निघालेल्या विमानात एका रांगेत सहा माणसं बसतात आणि सहांनी सहा वेगवेगळे भाव दिलेले असू शकतात. कंपनी सीटांचे गट पाडते. पहिला गट स्वस्त, त्याला अटी कडक. तो संपला की पुढचा गट महाग. ज्याला ऐनवेळी बदल लागू शकतो त्याच्यासाठी वेगळं, महागडं तिकीट असतंच. "अन दार बंद झालं की खाली सीटची किंमत शून्य," तो म्हणाला. "संध्याकाळच्या बाजारातली मेथी समज. म्हून कंपनी अट घालते, की तू येशीन तं ये, नाई आली तं तुहे पैसे गेले. ही अट काढली तं सगळ्यायचंच तिकीट महाग होईन. मूर्तिजापूरचा मास्तर विमानात बसते तं या अटीमुळे बसते."

"आणि कंपन्या बुडतात तेही पाय," त्यानं पुढे जोडलं. किंगफिशर 2012 मध्ये थांबली. जेटचं शेवटचं उड्डाण 17 एप्रिल 2019 ला झालं. गो फर्स्ट 3 मे 2023 पासून उडालं नाही, आणि आगाऊ तिकीट घेतलेल्या प्रवाशांचे पैसे दिवाळखोरीच्या प्रकरणात अडकले. नरम नियमांची कंपनी उद्या बुडाली तर प्रवाशाचंच नुकसान, असं त्याचं म्हणणं.

यातलं बरंचसं मला मान्य आहे. स्वस्त तिकिटाला अट असावी. पण मी त्याला आमचाच हिशेब दाखवला. आई आली नाही, मावशी गेली. त्याच विमानात. म्हणजे कंपनीला आमच्या घरातून दोन भाडी मिळाली आणि तिनं एक माणूस नेला. सीट वाया गेली म्हणून दंड, हे मी समजू शकते. इथे काय वाया गेलं? आईची सीट तिनं दुसऱ्या कोणाला विकली असेल तर तिचा तोटा शून्य, उलट फायदा. विकली नसेल तर मावशी त्या सीटवर बसायला तयारच होती.

"नाव बदलता आलं असतं तं," भाऊ म्हणाला.

"तेच विचारते. रेल्वेत बदलता येतं की नाही?"

तो हसला, कारण रेल्वेतलं हे काम तो स्वतः लोकांना करून देतो. कन्फर्म तिकीट घरच्या माणसाच्या नावावर करता येतं. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. गाडी सुटायच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज द्यायचा, नात्याचा पुरावा जोडायचा. इतकं सरळ आहे. त्या यादीत बहीण आहे. आई रेल्वेनं जाणार असती तर मावशी तिच्या बर्थवर झोपून गेली असती आणि आम्ही कोणाला फोनही केला नसता.

"पन रेल्वेचा भाव बहुतेक गाड्यायले ठरलेला असते," तो म्हणाला. "विमानाचा दर तासाले बदलते. नाव बदलायची सोय दिली ना, तं दिवाळीच्या सिटा लोकं उन्हाळ्यातच घेऊन ठेवतीन. अन ऐनवेळी दुप्पट भावात विकतीन. मी तिकिटाच्या धंद्यात हाय, मले मोह होनार नाई असं मी सांगू शकत नाई. दलाली सुरू होईन, अन ज्या मास्तरचं मी म्हनलो त्याले स्वस्त तिकीट कधीच भेटनार नाई."

हा त्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा होता. मला थांबून विचार करावा लागला. सरसकट नावबदल दिला तर तो म्हणतो तेच होईल, यात मला शंका नाही. पण रेल्वेनं ही अडचण सोडवलेलीच आहे. तिनं सोय नात्यापुरती ठेवली. दलालाला शंभर बहिणी नसतात. रेशनकार्ड, आधार, लग्नाचा दाखला, हे कागद तपासायला रेल्वेच्या बाबूला जमतं, तर चेहरा ओळखणारी यंत्रं विमानतळावर बसवणाऱ्यांना का जमू नये?

आणि एक जुनी गोष्ट मी त्याला आठवून दिली. 2020 च्या टाळेबंदीत विमानं बंद पडली, लाखो लोकांचे पैसे अडकले, तेव्हा प्रवासी लीगल सेल या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1 ऑक्टोबर 2020 ला निकाल दिला. टाळेबंदीत त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे परत करायला सांगितलं. बाकीच्या तिकिटांचे पैसे ज्या कंपन्या आर्थिक अडचणीमुळे लगेच परत करू शकत नव्हत्या त्यांनी ती रक्कम क्रेडिट शेल म्हणून ठेवायची होती, 31 मार्च 2021 पर्यंत वापरता येईल अशी, आणि उशिरापोटी त्यात दरमहा वाढही द्यायची होती. आणि ते क्रेडिट प्रवासी दुसऱ्या कोणालाही देऊ शकत होता. कोणालाही, फक्त नातेवाइकाला नव्हे. ते कंपन्यांना करावं लागलं.

"ते पैसे होते, ताई. सीट नव्हती," तो लगेच म्हणाला. "जुन्या भावाची सीट दुसऱ्याले द्या असं कोर्टानं नाई म्हनलं. तुह्या पैशातून दुसऱ्यानं तिकीट काढावं, आजच्या भावानं, एवढंच म्हनलं."

बरोबर होतं त्याचं. म्हणून मी माझी मागणी तिथेच कमी केली, आणि आता ती अशी आहे : सीट आणि जुना भाव कंपनीनं ठेवावा. पण दवाखान्याचा कागद दाखवला तर आईच्या तिकिटाची रक्कम घरातल्या माणसाच्या नव्या तिकिटात धरावी. वरचा फरक आम्ही देऊ. यात साठेबाजीला काही मिळत नाही, कारण भाव आजचाच. मेथी वाया जात नाही, कारण त्याच कंपनीचं नवं तिकीट घेतलं जातंय. भाऊ यावर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "हे होऊ शकते." त्याच्याकडून एवढं निघणं मला मोठं वाटलं.

नियम काय म्हणतात हे आम्ही दोघांनी मग नीट पाहिलं, आणि इथे त्याची माहिती माझ्यापेक्षा जास्त होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. हे 1 ऑगस्ट 2016 पासून आहे. म्हणजे कंपनी मूळ भाडं सगळं घेऊ शकते. पण विमानतळ वापराचं शुल्क आणि सरकारी कर तिला परत करावेच लागतात, तिकीट 'नॉन रिफंडेबल' असलं तरी, आणि प्रवासी आलाच नाही तरी. भाऊ म्हणाला की हे पैसे मागायला त्याच्याकडे क्वचित कोणी येतं. विमान चुकलं की लोक तिकीट मेलं असं समजून घरी जातात. वाचकांना माझं सांगणं आहे, ते पैसे मागा.

क्रेडिट शेल घ्यायचं की रोख परतावा, हेही प्रवाशानं ठरवायचं असतं, कंपनीनं नाही.

बुकिंग केल्यावर 24 तासांत, विमानाला किमान सात दिवस असतील तर, फुकट बदल किंवा रद्द करता यावं, असं सरकारच्या 2019 च्या प्रवासी अधिकारपत्रात होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये महासंचालनालयानं नवा मसुदा मांडला, त्यात ही मुदत 48 तासांची सुचवली. भावाला ही सुधारणा मोठी वाटते. चुकीची तारीख, चुकीचं नाव, घाईत दाबलेलं बटण, अशा त्याच्या गिऱ्हाइकांच्या चुका यात निभावतील. माझं म्हणणं असं की चूक आणि संकट या वेगळ्या गोष्टी आहेत. आजारपण, अपघात, घरातला मृत्यू हे काही बुकिंगनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत येत नाहीत. मसुद्यात वैद्यकीय कारणाचा उल्लेख होता, पण परतावा किंवा क्रेडिट देणं कंपनीच्या इच्छेवर ठेवलं होतं. मर्जीवर ठेवलेली सोय फोनवरच्या मुलापर्यंत पोचत नाही. त्याच्या स्क्रीनवर ती कधी उमटणार?

"पन सक्ती केली तं खोटे दाखले येतीन," भाऊ म्हणाला.

"येतील. म्हणून खऱ्या दाखल्यांना नाही म्हणायचं का? विमा कंपन्या दाखले तपासतातच ना?"

यावर आमचं एकमत झालं नाही.

पोर्टलच्या बाबतीत मात्र तो पूर्ण माझ्या बाजूनं आला. तो स्वतः एजंट आहे, त्याला ही टोलवाटोलवी रोजची. एजंटाकडून काढलेल्या तिकिटाचा परतावा देण्याची जबाबदारी नियमानं विमान कंपनीवर आहे, कारण एजंट हा तिचाच नेमलेला प्रतिनिधी समजला जातो. त्यासाठी 30 कामकाजाचे दिवस होते, नव्या मसुद्यात 21 सुचवले होते. म्हणजे 'पोर्टलशी बोला' हे उत्तर परताव्यापुरतं तरी चूक होतं. "अन आमचं काय होते माहीत हाय का?" तो पोटतिडकीनं म्हणाला. "कंपनी पैसे वॉलेटमधी टाकते कधी, गिऱ्हाईक दारात उभं राह्यते आधी. त्याले वाटते मीच खाल्ले."

आता मी त्या मुद्द्यावर येते जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वऱ्हाडात म्हाताऱ्या माणसांची विमानाची तिकिटं बहुधा त्यांनी काढलेली नसतात. मुलं पुण्यात, हैदराबादला, बंगळुरूला, परदेशात. आईवडील अकोल्यात, अमरावतीत, अचलपुरात. तिकीट एकजण काढतो, पैसे दुसरा देतो, विमानतळावर तिसरा सोडून येतो आणि प्रवास चौथा करतो. आमच्याकडे प्रवास हे घराचं काम आहे. कंपनीच्या संगणकाला घर माहीत नाही. त्याला एक मोबाइल नंबर माहीत आहे. तो नंबर हातात असेल तो मालक. बाकीच्यांनी कितीही सांगितलं तरी ते परके. माझ्या आईबद्दल बोलायला मी परकी ठरले, आणि ती स्वतः, जिच्या नावाचं तिकीट होतं, तीही ओटीपीशिवाय परकीच ठरली.

कायद्याला मात्र हे घर माहीत आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ग्राहक म्हणजे फक्त पैसे देणारा नव्हे. त्याच्या संमतीनं जो ती सेवा घेतो तोही ग्राहक. नातू ग्राहक, आजीही ग्राहक. 1986 च्या कायद्यातही हे होतंच. इतकी वर्षं कायद्यात असलेली साधी गोष्ट कंपनीच्या स्क्रीनवर यायला काय हरकत आहे?

"हरकत फसवणुकीची हाय," भाऊ म्हणाला. आणि त्यानं जे सांगितलं ते मी हलक्यानं घेतलं नाही. तिकीट बदलायचं म्हणून लोक इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधतात, तिथे ठगांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात, आणि परतावा देतो म्हणत ते खातं रिकामं करतात. "ओटीपी कोनाले सांगू नका म्हून आपनच घराघरात सांगतो. अन तूच म्हनतं ओटीपी नसतानी काम करा? उद्या तुह्या आईचं तिकीट भलत्यानंच रद्द करून पैसे नेले तं?"

खरं आहे. ओटीपी काढून टाका असं मी म्हणत नाही. बुकिंगच्या वेळी आणखी एक रकाना ठेवा : प्रवाशाच्या वतीनं कोण बोलू शकेल, त्याचं नाव आणि नंबर. बँकेत आपण नॉमिनी नेमतो, शाळेत पालकाबरोबर दुसऱ्या नातेवाइकाचा नंबर घेतो. मी मुख्याध्यापिका असताना प्रवेशाच्या अर्जावर तो रकाना कधी कोरा राहू दिला नाही, कारण मूल पडलं तर वडील शेतात असतात. पैसे परत जायचे ते ज्या कार्डातून आले त्याच कार्डात जाऊ देत. म्हणजे ठगाला काही मिळणार नाही. एवढं केलं असतं तर नातवाला मध्यरात्री उठवावं लागलं नसतं आणि आईच्या कानाशी फोन धरावा लागला नसता.

भावाला हा रकाना आवडला. आपल्या ऑफिसात तो आता गिऱ्हाइकाच्या मुलाचा आणि गावातल्या एकाचा, असे दोन्ही नंबर वहीत लिहून घेतो. कंपनीच्या संगणकात त्याचा उपयोग होत नाही हे त्यालाही माहीत आहे.

बटणाचा विषय त्यानंच पुन्हा काढला, डिसेंबर 2025 वरून. त्याचा आईच्या तिकिटाशी संबंध नाही, पण तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हा मंत्रालयानं भाड्याला मर्यादा घातली, 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये आणि सगळ्यात लांबच्या पल्ल्याला 18,000. परताव्याला तारीख नेमून दिली. ज्यांची उड्डाणं रद्द झाली त्यांच्याकडून तारीख बदलण्याचा आकार घ्यायचा नाही असं बजावलं. पुढे जानेवारी 2026 मध्ये त्या कंपनीला 22.20 कोटींचा दंडही झाला. भावाचं म्हणणं, बघ, चूक कंपनीची असली की सरकार आहे.

मला त्यातून दुसरंच दिसलं. दोन दिवसांत देशभरच्या स्क्रीनवर बदलाचा आकार शून्य झाला. म्हणजे बटण बसवता येतं. ते बसवायचं की नाही हे वर कोणीतरी ठरवतं, आणि हजारो माणसं विमानतळावर झोपलेली दिसली की ठरवतं. एकटी आई दवाखान्यात झोपलेली कोणाला दिसत नाही.

"मंग तक्रार कर," तो म्हणाला. "रीतसर कर." आणि रीत त्यानंच सांगितली. आधी कंपनीचा नोडल अधिकारी, मग तिचाच अपील अधिकारी; दोघांची नावं संकेतस्थळावर द्यावी लागतात. मग सरकारचं एअरसेवा पोर्टल, 2016 पासून चालू असलेलं. ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. आईची अकोल्यात होईल, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोन वर्षांची मुदत. वकील लागतोच असं नाही.

रीत सांगून झाल्यावर त्याचा उत्साह मात्र ओसरला. "पन थोड्या हजारासाठी कोन जाते, ताई? कागदावर तीन महिन्यांत निकाल. खरं किती लागतात तू पाय. अन जिंकशीनच असं नाई." त्यानं हैदराबादच्या सच्चिदानंद यांचं प्रकरण सांगितलं. 2007 च्या डिसेंबरात दिल्लीहून हैदराबादला जाणारं त्यांचं इंडिगोचं विमान धुक्यामुळे अडकलं, हैदराबादच्या स्थायी लोकअदालतीनं त्यांना भरपाई दिली, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली.

ते हरले, हे खरं. पण त्याच निकालात न्यायालयानं म्हटलं की कमी भाड्याची कंपनी असली तरी अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय पाहण्याची जबाबदारी तिला झटकता येणार नाही. ते त्या माणसाच्या हरण्यातून सगळ्यांना मिळालं. मला हजार-दोन हजारांची आशा नाही. मला एक प्रश्न कागदावर विचारायचा आहे, ज्याचं उत्तर कंपनीला द्यावं लागेल.

"कोनता?"

"आईची सीट त्या दिवशी विकली का? विकली असेल तर कितीला? 2019 च्या कायद्यात अन्याय्य करार म्हणून एक कलम आहे. झालेल्या तोट्याच्या मानानं दंड अवाजवी असेल तर तो करार अन्याय्य. मग तोटा किती झाला ते सांगा ना. विमान भरून गेलं असेल तर माझ्या आईच्या न येण्यानं तुमचा काय तोटा झाला?"

"अन्याय्य कराराची तक्रार जिल्ह्यात नाई चालत," तो म्हणाला. "राज्य आयोगाकडे जावं लागते."

"नागपूरला बेंच आहे त्याचं."

"म्हंजे पुन्हा नागपूर," तो म्हणाला, आणि खिशातून पेन काढून दवाखान्याच्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहू लागला : आईचं पीएनआर, मावशीचं पीएनआर, दोन्ही तिकिटांवरची मूळ भाडी वेगळी, कर वेगळे. पोर्टलचं नाव त्यानं कंपनीच्या खाली लिहिलं, सामनेवाले क्रमांक दोन म्हणून. तक्रारदारांच्या जागी आईचं नाव लिहून झाल्यावर मला विचारलं, "पोराचं बी टाकू ना? पैसे त्याचे गेले."

"दोघांचं टाक," मी म्हटलं.